दंतवैद्याने काय सांगावे?

शनिवार पेठेतील जुने वाडे पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी वरच्या मजल्यावरील दवाखान्याकडे जाणारा अरुंद जिना आणि त्याच्या तोंडाशी लावलेली दंतवैद्याची पाटी पुष्कळ ठिकाणी कायम आहे. ओंकारेश्वराच्या दर्शनाला आलेली वृद्धा, रमणबागेतील शिक्षक, कचेरीतून सुटलेला कारकून अशी सर्व थरांतील माणसे तो जिना चढतात. बहुतेकांची तक्रार एकच असते : दाढ दुखते. दाढेचा निकाल लागतो, पैसे दिले जातात आणि रोगी जिना उतरतो. परंतु तेवढ्या वेळात दंतवैद्याने दाढेखेरीज आणखीही काही पाहिलेले असते. गालाच्या आतला पांढरा चट्टा, उभी तीन बोटेही आत जाणार नाहीत इतके आखडलेले तोंड, हिरडीतून येणारा पू. जे दिसले ते रोग्याला सांगितले जाते काय, आणि सांगितले तर कोणत्या शब्दांत, हा प्रश्न दाढेहून मोठा आहे.

पुण्याला तो नवाही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला. कोपनहेगनचे डॉ. पिंडबोर्ग त्या कामात सहभागी होते. मिश्रीची सवय विशेषेकरून स्त्रियांत असल्याचे त्या पाहणीत नोंदले गेले. पुढे याच परंपरेतील संशोधकांनी केरळ, आंध्र आणि गुजरात येथील सुमारे ३६ हजार तंबाखूसेवकांवर प्रयोग केला. दंतवैद्याने दरवर्षी त्यांच्या दारी जायचे, तोंड तपासायचे आणि सवय सोडण्याविषयी समजावून सांगायचे. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, असा सल्ला मिळालेल्यांत तंबाखू सोडणारे अधिक निघाले, आणि एर्नाकुलममध्ये नव्याने उद्भवणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाणही घटले. यंत्र नाही, औषध नाही. तपासणी आणि बोलणे एवढाच तो उपाय होता. ‘सांगून कोण ऐकतो?’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांना याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

मात्र सांगण्याआधी विचारावे लागते, आणि घोडे तेथेच पेंड खाते. ‘काही व्यसन आहे का?’ हा प्रश्न केसपेपर भरताना सर्रास विचारला जातो. सोबत सून किंवा मुलगा उभा असताना या प्रश्नाला ‘नाही’ याखेरीज दुसरे उत्तर कोण देईल? शिवाय मिश्री लावणाऱ्या आजींच्या लेखी ते व्यसनच नसते. ते दात घासणे असते. जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात टाकणाऱ्या गृहस्थालाही आपण काही वावगे करतो असे वाटत नाही. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिला आहे. तरी पानसुपारीचे तबक आदरातिथ्याचे चिन्ह म्हणूनच पुढे येते. तेव्हा ‘आजी, सकाळी दाताला काय लावता?’, ‘जेवण झाल्यावर तोंडात काय टाकता?’ असे साधे विचारावे. खरे उत्तर मिळण्याची शक्यता तेथे अधिक असते.

कायद्यांनी हे काम होईल अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा बंद केला, आणि २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. पण घरच्या तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीला पाकीट कोठले? तिच्या डब्यावर इशारा छापणारा कोणी नाही. तो इशारा आजींना द्यायचा तर तो तोंडात आरसा घालणाऱ्या माणसानेच द्यायला हवा.

आता शब्दांचा प्रश्न. काही डॉक्टर ‘काही विशेष नाही, जरा डाग आहे’ म्हणून वेळ मारून नेतात. काही ‘कॅन्सर होईल’ असे एकदम सुनावतात. दोन्हींचा परिणाम एकच, रोगी पुन्हा फिरकत नाही. पहिल्याला गरज वाटत नाही, दुसऱ्याची हिंमत होत नाही. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुसंख्य चट्टे कर्करोगात परिणत होत नाहीत, काही होतात. कोणता होईल हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही, म्हणून तुकडा काढून तपासावा लागतो. आणि तंबाखू सुटली तर पुष्कळ चट्टे मावळतात. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. दोन आठवड्यांत बरी न होणारी तोंडातील जखम दाखवलीच पाहिजे, हे वाक्य तर प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत असावे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, हे बजावणाऱ्या पाट्या लावण्यात ज्या पेठांनी कधी संकोच केला नाही, त्यांना ही एक पाटी जड जाऊ नये!

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके रोग्याला समजतील इतपत सांगूनच संमती घ्यावी, असे स्पष्ट केले. दूरान्वयाच्या धोक्यांची भयावह यादी वाचण्याची अपेक्षा ठेवली नाही. व्यवहारात त्याचे रूपांतर इंग्रजी छापील कागदावरील सहीत झाले, हा भाग वेगळा. पण हा निर्णय उपचाराच्या संमतीविषयी आहे. दाढ दाखवायला आलेल्या माणसाच्या गालात जे सहज दिसले, त्यासाठी सहीचा कागद नसतो. मधुमेहाचेही तसेच. हिरड्यांचा रोग आणि रक्तातील साखर एकमेकांना बिघडवतात, हे दंतवैद्य जाणतो. रोग्याला मात्र साखरेविषयी दंतवैद्याने का विचारावे याचेच नवल वाटते.

डॉक्टरांची अडचण खोटी नाही. दाढ भरण्याचे पैसे मिळतात, बोलण्याचे मिळत नाहीत. शिवाय दाढेसाठी आलेल्याला तपासणी सुचवली की ‘गिऱ्हाईक धरून ठेवतात’ असा संशय येतो, आणि फसवणुकीच्या कथा ऐकलेल्या समाजात तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. त्यावर एक उपाय आहे. जे दिसले ते मराठीत चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि तुकड्याची तपासणी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही करून घेता येईल, हे त्याच चिठ्ठीत नमूद करावे. ज्याला आपला फायदा साधायचा आहे तो दुसरा पत्ता लिहून देत नाही, हे रोग्याला कळते.

राहता राहिली पुढच्या भेटीची गोष्ट. केसपेपरवर पंधरा दिवसांनंतरची तारीख पडते. ती उलटून गेली आणि आजी आल्या नाहीत, तर त्यांच्या घरी फोन कोणी करायचा, हे अजून बहुतेक दवाखान्यांत ठरलेले नाही.