आकाशातला अड्डा

अवकाशात कॅसिनो काढायला माझा स्पष्ट विरोध आहे. मला विचारलं कुणी, असं म्हणाल. भाच्यानं विचारलं. बार्शीत, भर भगवंताच्या देवळासमोर.

"मामा, आकाशात कॅसिनो! पृथ्वीला दोरानं बांधलेला. तिथं कायद्याची कटकट नाही."

म्हटलं, "कायद्याचं सोड. महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला, अंमलात कधी आणलाच नाही आणि २०२३ साली रद्द केला. दोराचं बोल."

हा दोर विषुववृत्तावरून ३५,७८६ किलोमीटर उंच न्यायचा आणि ताणून धरायला त्याच्याही पलीकडे वजन लटकवायचं. पोलादाचा केला तर स्वतःच्याच भारानं तुटेल. १९९६ साली कोलंबिया यानातून दोराला बांधून एक उपग्रह सोडला होता. वीस किलोमीटरही पुरे झाले नव्हते, ठिणगी पडली, दोर जळाला आणि पतंग कटला! म्हणजे बार्शीहून निघालेला माणूस कुर्डुवाडीलासुद्धा पोचला नाही.

बरं, पोचलात. तिथं वजनच नाही. फासा टाकला की तरंगत राहणार. फासा पडलाच नाही, तर हरला कोण?

पण हरणारा हरतोच. माझी खरी तक्रार इथंच आहे. ताशी दोनशे किलोमीटरनं पाळणा उतरवला, तरी खाली यायला साडेसात दिवस. साडेसातीच ती! खिसा रिकामा झालेल्याचं परतीचं भाडं कोण भरणार? दोराचा ताण मोजणारे हे गणित मांडत नाहीत.

मी ते पाहिलंय. आमचे वडील तुरीचे पैसे घेऊन बार्शीला आले आणि पत्त्यांत सगळे घालवून बसले. गाडीभाडंसुद्धा उरलं नाही. लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ धरून रात्रभर चालत घरी आले. आई कंदील घेऊन दारात उभी होती. बोलली नाही. पाटल्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या, इतकंच. वडिलांनी त्या परत तिच्या हातात घातल्या आणि पुन्हा पत्त्याला हात लावला नाही.

घर चालत जाण्याइतकं जवळ होतं, म्हणून हे झालं.

"ते ठीक आहे मामा," भाचा खाली बघत म्हणाला, "पण तुम्ही आईला जरा समजवा ना. ते लोक आत्तापासून शेअर विकताहेत. तिच्या त्या जुन्या पाटल्या नुसत्या पडूनच आहेत."

आता कळलं ना, माझा विरोध एवढा स्पष्ट का आहे?