काढा आणि भरणा

घरात कुणाला दिवस गेले, की उरलेल्या सगळ्यांना आपोआप वैद्यकीची पदवी मिळते. ज्या गृहस्थाला स्वतःच्या सर्दीवर गेल्या दिवाळीपासून इलाज सापडलेला नाही, तोसुद्धा पेपरातून डोकं वर काढून ‘तिला अमुक उकळून द्या’ असं सांगून मोकळा होतो. हे अमुक म्हणजे बहुतेक वेळा एखादा काढा असतो. अलीकडे त्यालाच इंग्रजी कपडे घालून ‘हर्बल टी’ म्हणतात.

मी बँकेतला कारकून. ‘काढा’ या शब्दाचा मला एकच अर्थ ठाऊक होता : खात्यातून पैसे काढा. त्यासाठी आम्ही काय कमी छळतो? स्लिपवर नाव हवं, तारीख हवी, रक्कम अंकांत हवी, अक्षरांत हवी, सही नमुन्याशी जुळायला हवी. दोनशे रुपयांसाठी एवढा थाट! आणि दुसरा काढा पाहा. तो थेट गर्भारशीच्या पोटात जातो, पण त्यावर नाव नाही, मात्रा नाही, किती दिवस घ्यायचा ते नाही. सही कुणाची, तर कोपऱ्यावरच्या मावशींची. असा चेक आमच्या काउंटरवर आला, तर आम्ही तो चिमटीत धरून परत करू.

आमचं मावळ तर या उद्योगाला फारच सोयीचं. जूनमध्ये लोणावळ्यावर ढग टेकले, की सप्टेंबरपर्यंत माणसं चहाच्या वाफेवरच तगून राहतात. अंगणात गवती चहाचं बेट, वृंदावनात तुळस, फडताळात सुंठ आणि ज्येष्ठमध. त्यात चिक्कीच्या दुकानात चिक्कीशेजारीच ती हिरवी पाकिटं मांडून ठेवलेली असतात. पाकिटावर एक हसरी बाई आणि खाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’. अहो, धोतरासुद्धा शंभर टक्के नैसर्गिक आहे! कण्हेर तर हमरस्त्याच्या दुभाजकात फुललेली असते. म्हणून काय तिचा चहा करायचा? ‘गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे’ ही ओळ असलीच, तर ती मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते.

आता कुणी म्हणेल, हा माणूस झाडपाल्याचा वैरी आहे. मुळीच नाही. आल्याचंच घ्या. सुरुवातीच्या महिन्यांतल्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे रीतसर तपासून पाहिलेलं आहे. चहात आल्याचा तुकडा टाका, गवती चहाची एखादी पात टाका, कुणाची ना नाही. पण चिमूट आणि मूठ यांत फरक आहे. चवीला घालतो तो मसाला आणि पातेलंभर आटवून रोज दोन वेळा पाजतो ते औषध. ज्येष्ठमध घशाला गोड लागतं, पण त्यातलं ग्लिसरायझिन जास्त प्रमाणात गेलं तर रक्तदाब वाढतो. फिनलंडच्या आरोग्यसंस्थेने 2016 सालीच गर्भवतींना ज्येष्ठमधाचे पदार्थ भरपूर खाऊ नका, असं सांगून ठेवलं आहे. ‘पोट साफ होण्याच्या’ मिश्रणांत सोनामुखी किंवा कोरफडीचा सुकवलेला चीक असतो. ही जालीम रेचकं. या दिवसांत डॉक्टरांना विचारल्यावाचून त्यांना हात लावू नये.

बाकीच्या कित्येक वनस्पतींची तर गर्भवतींवर तपासणीच झालेली नाही. पोटुशीवर प्रयोग करणार कोण? तेव्हा ‘अपाय होतो असं कुणी सिद्ध केलंय का?’ हा मावशींचा बिनतोड सवाल म्हणजे, पासबुक भरलेलं नाही म्हणून खात्यात लाखभर असतील असं धरून चालण्यासारखं आहे.

मग दुसरी फैर झडते : ‘हा आयुर्वेदाचा अपमान आहे!’ उलट आहे, महाराज. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भवतीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. जराही हिंदकळू न देता जपायचं. चांगला वैद्य आधी महिना विचारतो, प्रकृती पाहतो, मग तोंड उघडतो. मावशी आधी तोंड उघडतात.

तिसरी फैर : ‘आमच्या वेळी सगळ्या प्यायच्या, काही झालं का?’ ज्यांना काही झालं नाही त्या आज सांगायला बसल्या आहेत. ज्यांना झालं, त्यांनी ते कुणाला सांगितलं आणि कुणी लिहून ठेवलं?

साध्या चहालाही मी सोडणार नाही. ‘ग्रीन टी’ हा काही झाडपाला नव्हे. तो आपल्या काळ्या चहाच्याच झुडपाचा आणि कॅफीन त्यातही आहे. गर्भवतीने दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेऊ नये, असं ब्रिटन-अमेरिकेतले डॉक्टर सांगतात, आणि त्यात चहा, कॉफी, कोला सगळं आलं. शिवाय चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. अशा बाईने लोहाची गोळी चहाबरोबर घेणं म्हणजे एका खिडकीवर भरणा करून शेजारच्या खिडकीवर लगेच काढून घेणं. गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवावं, एवढंच.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. निम्मा प्रश्न वनस्पतीचा, निम्मा मानपानाचा. सासूबाईंनी प्रेमाने पेला पुढे केला, की सुनेला ‘नको’ म्हणता येत नाही. पिणारी ती, सोसणारी ती, पण सल्लागार मंडळावर तिची जागा नाही. म्हणून पेला पुढे करणाऱ्यालाच विचारावं : यात काय आहे? किती? किती दिवस? कुणी सांगितलं? चारांपैकी एकही रकाना रिकामा राहिला, तर पेला खाली ठेवावा. मायाच करायची असेल तर तिला दुपारी तासभर झोपू द्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. 2016 पासून ही सोय आहे. कर्जाच्या हप्त्याची तारीख आपण विसरत नाही, मग हीच बरी विसरते! तिला तिथे न्या आणि ते हिरवं पाकीटही बरोबर घ्या. डॉक्टरांना मागची बाजू वाचू द्या.

आमच्याकडे लहान मुलाच्या नावाने जे खातं असतं, त्याला ‘अज्ञान खातेदार’ म्हणतात. त्याला सही करता येत नाही, म्हणून पालकाने त्याच्या हिताचाच व्यवहार करावा, असा कायदा आहे. पोटातलं बाळ हे त्याहूनही अज्ञान. पण निदान त्या खात्यात अज्ञान खातेदाराचं असावं, पालकांचं नसावं!