गाणं वर चढलं, जात खाली उतरवून

दोस्तहो, गाण्यावर अग्रलेख कशाला, असं विचारणारे आपल्यातही निघतील. जमीन, शिष्यवृत्ती, नोकऱ्या, खून एवढं सगळं पुढ्यात पडलेलं असताना हे काय झिंगाट घेऊन बसलेत? त्यांना एवढंच आठवून देतो. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका पोराचा जीव घेतला गेला. लग्नाला आला होता. भांडणाचं कारण वर्तमानपत्रांनी छापलं ते असं, की त्याच्या मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. जिथं रिंगटोनवरून माणूस मरतो तिथं गाणं हा रविवारच्या पुरवणीचा विषय राहत नाही. तेव्हा बसा, आणि ऐका.

गडमुडशिंगीत घ्या, नाहीतर कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत. वरात असो, गणपती असो, १४ एप्रिलची मिरवणूक असो, डॉल्बीवर ‘झिंगाट’ लागलं की पाटलाचं पोरगं आणि आपलं पोरगं सारखंच उडतं. तीन-चार मिनिटं. डॉल्बी थांबला की एक जण वाड्याकडं जातो, दुसरा वस्तीकडं. या तीन-चार मिनिटांचं काय करायचं हा आजचा प्रश्न आहे.

‘सैराट’ आला २९ एप्रिल २०१६ ला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. चित्रपट त्याच मातीत आणि त्याच बोलीत काढलेला. संगीत अजय-अतुलचं. त्यातलं सिंफनीचं काम त्यांनी पार अमेरिकेत हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं, पण तोंडातले शब्द करमाळ्याचेच ठेवले. शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. आमची भाषा ‘शुद्ध’ करून घ्या म्हणून वर्षानुवर्षं सल्ले देणाऱ्या सदाशिवपेठी पंडितांची तेव्हा दातखीळ बसली. ‘याड’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्रानं तोंडात घेतला, आणि कुणाची जीभ विटाळली नाही.

पण ‘झिंगाट’ सिनेमात वाजतं कुठं, ते बघा. पाटलाच्या घरी, त्याच्या पोराच्या वाढदिवसाला. नाचणारा परश्या मासे धरणाऱ्याच्या घरातला. एरवी ज्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं असतं तो तिथं देहभान हरपून नाचतोय, आणि घरची लेक त्याच्याकडं बघतेय. गाणं संपतं. थोड्याच वेळात दोघं सापडतात आणि मार सुरू होतो. म्हणजे ही झिंग नुसती झिंग नाही, ती कोयत्याच्या पात्यावरची आहे. थिएटरात खुर्च्यांवर चढून नाचलेल्या पब्लिकला शेवटी घरी जाताना बोलता येईना, कारण दिग्दर्शकानं आधी त्यांना नाचवलं आणि मग दाखवलं, की तुम्ही नाचत होता ते कुठल्या अंगणात.

आता त्याची दुसरी आवृत्ती. इंग्रजीत तिला कव्हर म्हणतात, आपण म्हणतो ‘चालीवर’. २० जुलै २०१८ ला करण जोहरच्या कंपनीचा ‘धडक’ लागला. गाव उदयपूर. संगीतकार तेच, चाल तीच, हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. ‘झिंगाट’ हा शब्द तेवढा ठेवला, बाकीची बोली काढून टाकली. ‘याड लागलं’चंही तसंच, त्याचं ‘पहली बार’ झालं. इथं चोरी झाली अशी बोंब मारण्यात अर्थ नाही. हक्क रीतसर घेतले, ज्यांनी चाल बांधली त्यांच्याच हातानं ती हिंदीत गेली. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, चोराची निदान कॉलर धरता येते. इथं सगळं राजीखुशीनं झालं आणि तरी कायतरी गेलं.

काय गेलं? जात गेली. मुलीचं घराणं राजकारणातलं, मुलाच्या बापाचं हॉटेल. उंच जातीचा उल्लेख कुठं एखाद्या वाक्यापुरता येतो, तोही तोंडी लावायला. बाकी सारा मामला श्रीमंत-गरीब, निवडणूक, बापाची इज्जत. शेवटही बदलला. ‘सैराट’मध्ये दोघंही कापली जातात आणि लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं. ‘धडक’मध्ये पोरगा आणि मूल जातं, पोरगी उरते. वरवर बघता हा फरक बारीक वाटतो. पण मंजुळेच्या सिनेमात पोरगीला मारावंच लागतं, कारण जात टिकते ती लेकीच्या लग्नावर ताबा ठेवून. बाबासाहेबांनी हे १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडलं होतं, की जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मूळ. बरोबर शंभर वर्षांनी ते पडद्यावर आलं. दोन वर्षांत ते पुसूनही झालं.

आणि पुसलं कधी? एप्रिल २०१४ मध्ये नगर जिल्ह्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या एका पोराला मारून झाडाला लटकवलं होतं. सवर्ण मुलीशी बोलतो हा त्याचा गुन्हा. साक्षीदार फुटले, नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी सुटले. त्यानंतर आठ महिन्यांनी ‘धडक’ लागला. देशभरच्या पोरापोरींनी ‘झिंगाट’वर रील काढले, आणि त्यातल्या पुष्कळांना हे गाणं कुठल्या गोष्टीतनं आलंय याचा पत्ता नव्हता.

हे काय आपल्याच नशिबी आलेलं नाही. अमेरिकेत काळ्यांच्या गाण्यांचं तेच झालंय. लिटल रिचर्डनं १९५५ मध्ये ‘टुटी फ्रुटी’ गायलं. आरडत-ओरडत, पियानो बडवत. लगोलग पॅट बून नावाच्या गोऱ्या, गुळगुळीत पोरानं तेच गाणं शब्दांना इस्त्री करून गायलं, आणि मुख्य यादीत त्याचं कव्हर मूळ गाण्याच्या वर गेलं. ‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईनं १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. जगाला आठवतो तो १९५६ चा एल्विस. काळ्यांच्या वस्तीतलं गाणं गोऱ्यांच्या दिवाणखान्यात न्यायचं तर आधी त्याला आंघोळ घालायची, हा तिथला रिवाज. आपल्याकडं आंघोळ म्हणत नाहीत, ‘अखिल भारतीय प्रेक्षकांसाठी’ म्हणतात.

पण दोस्तहो, एवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. कव्हर म्हणजे दर वेळी धुलाई, असं नाही. त्याच अमेरिकेत एका कव्हरनं मूळ गाणं डोक्यावर उभं केलं.

ओटिस रेडिंग हा जॉर्जियातला काळा गायक. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं त्यानं स्वतः लिहिलं आणि १९६५ मध्ये गायलं. मुद्दा साधा. गडी कमावून घरी येतोय, बायकोनं त्याला मान द्यावा. बस्स. गाणं चाललंही बऱ्यापैकी. १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कच्या ॲटलांटिक स्टुडिओत अरेथा फ्रँकलिननं तेच गाणं गायलं. ती डेट्रॉइटच्या बाप्टिस्ट पाद्र्याची मुलगी. बाप सी. एल. फ्रँकलिन मार्टिन ल्यूथर किंगचा साथी, १९६३ मध्ये डेट्रॉइटचा मोठा मोर्चा काढणाऱ्यांतला. पोरगी चर्चमध्ये गातच वाढलेली. सोल संगीत म्हणतात ते इथनंच निघालं. देवाच्या गाण्याचा गळा, आणि शब्द माणसांचे. आपल्या प्रल्हाद शिंद्यांचा गळा आठवा. विठ्ठलाला हाक मारणारा तोच गळा भीमाची गाणी गात होता.

अरेथानं काय केलं? चाल हलवली, ठेका बदलला, आणि बोलणारं तोंड बदललं. आता मान मागणारा नवरा नाही, बायको आहे. तिच्याकडं तिचे पैसे आहेत, ती कुणाच्या दारात उभी नाही. मूळ गाण्यात नव्हतं ते तिनं घातलं. त्या शब्दाची अक्षरं एकेक करून उच्चारली, ठोंब्या पोराला बाराखडी शिकवावी तशी. मागं कोरसला तिच्याच बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. गंमत अशी, की वाजवणाऱ्यांत दक्षिणेतनं, अलाबामातनं आलेले गोरे वादकही होते. जून १९६७ मध्ये गाणं यादीत पहिलं आलं आणि दोन आठवडे तिथंच राहिलं. जुलैत डेट्रॉइट पेटलं. नवऱ्याकडं मागितलेला मान एका अख्ख्या जमातीनं सरकारकडं, पोलिसांकडं मागितला. ओटिसनंही मॉन्टेरेच्या जलशात हसत कबूल केलं, की एका पोरीनं आपलं गाणं नेलं. डिसेंबरात विमान तळ्यात कोसळून तो गेला, सव्वीस वर्षांचा.

एक कडू गोष्ट मात्र राहतेच. अमेरिकेच्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे मिळतात लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला, गाणाऱ्याला नाही. ‘रिस्पेक्ट’ हजारदा वाजलं, पण त्या वाजण्याचा पैसा अरेथाकडं गेला नाही. १९७० मध्ये अँजेला डेव्हिसचा जामीन भरायला तयार झालेली ही बाई १६ ऑगस्ट २०१८ ला वारली. तेव्हा आपल्याकडं ‘धडक’ लागून महिना व्हायचा होता.

तर कव्हरचा रस्ता दोन्हीकडं जातो, आणि आपल्याला हे अमेरिकेनं शिकवायची गरज नव्हती. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या कव्हरच गातोय. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांपर्यंत आणि पुढं प्रत्येक वस्तीतल्या गायन पार्टीपर्यंत. आपल्या गाण्यांच्या पुस्तिका काढून बघा. गाण्याच्या डोक्यावर छापलेलं असतं, ‘चाल’, आणि पुढं कुठल्यातरी हिंदी सिनेमाच्या गाण्याचं नाव. मूळ गाण्यात हिरो झाडाभोवती फिरत होता. आपल्या बायांनी त्याच चालीत महाडचं तळं आणलं, दीक्षाभूमी आणली. शाळेचं तोंड न बघितलेल्या आईला गोलमेज परिषद कळली ती त्या चालीतनं. उच्चभ्रू टीकाकार याला ‘उसनी चाल’ म्हणून नाक मुरडत आले. अरे, उसनी तर उसनी! तुमच्या चालीला आम्ही मजकूर दिला. आमची चाल तुम्ही नेली तेव्हा त्यातला मजकूर काढून घेतलात. हिशेब सरळ आहे.

जाता जाता आपल्याच गड्यांना एक टोला. ओटिसचं गाणं आपल्यातही अजून फार जोरात चालू आहे. दिवसभर मोर्चात ‘मान द्या’ म्हणून घोषणा देणारा घरी गेल्यावर जेवायच्या ताटावरनं ओरडतो. गायन पार्टीत बाई गाते आणि फलकावर नाव पार्टीप्रमुखाचं. अरेथा आपल्या वस्तीतही आहे, तिला माईक कोण देतो ते सांगा.

मुंबईवाल्यांना उशिरा का होईना कायतरी कळलं म्हणावं, तर १ ऑगस्ट २०२५ ला त्याच कंपनीचा ‘धडक २’ आला. तमिळमधल्या मारी सेल्वराजच्या २०१८ च्या ‘परियेरुम पेरुमाळ’वरनं बेतलेला. या वेळी नायक दलित आहे आणि तसं तो पडद्यावर सांगतो. म्हणजे जात घेऊनही हिंदी सिनेमा काढता येतो, हे सात वर्षांनी सिद्ध झालं. पण सेन्सॉरनं त्यातले जातीचे शब्द आणि संवाद बदलायला लावलेच. निर्मात्याच्या हातनं सुटलं ते सरकारच्या कात्रीत सापडलं.

आता आपल्या हातात आहे तेवढ्याचं बोलू. २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला. आता गीत लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. कागदावर सही घेतली तरी तो वाटा त्याचाच, नाहीतर त्याच्या वारसाचा. त्यासाठी संस्थेकडं नाव नोंदवावं लागतं. आपल्या किती शाहिरांना हे माहीत आहे? कॅसेटच्या जमान्यात हातावर एकरकमी नोटा ठेवून गाणी नेली गेली, आणि कव्हरवर कवीचं नाव बारीक अक्षरात, कधी तेही नाही. आज तीच गाणी यूट्यूबवर कुणीही चढवतो, कोट्यवधी वेळा बघितली जातात, आणि लिहिणाऱ्याची विधवा रेशनच्या रांगेत उभी असते.

गडमुडशिंगी, उचगाव, गांधीनगर, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातल्या वाचकांना आमचं सांगणं असं. तुमच्या वस्तीत जुनी गायन पार्टी असेल, बेंजो वाजवणारा म्हातारा असेल, ओवीत भीम गाणारी आजी असेल, तर वही घेऊन जा. मोबाईलवर आवाज घ्या, पण वहीत हेही लिहा, शब्द कुणाचे, चाल कुठल्या गाण्याची, पहिल्यांदा कुठं गायलं, कोण गायलं. बाईनं गायलं असेल तर बाईचं नाव लिहा, अमक्याची बायको म्हणून नको. १४ एप्रिलच्या आधी या वह्या आमच्याकडं आल्या तर पुढचा अंक त्यांचाच असेल. आणि मिरवणुकीत डॉल्बीवर ‘झिंगाट’ लागलं तर नाचा, बिनधास्त नाचा. फक्त डॉल्बीवाल्याला सांगा, मराठीतलं लाव.