होमस्टेची कमाई लपवून कोणाचं भलं?

मे महिन्यात मालवण-तारकर्लीत खोली मिळता मिळत नाही. पण रिटर्न भरता का विचारलं की उत्तर ठरलेलं, “छे हो, दोनच तर खोल्या!” अहो, पैसे यूपीआयने घेता, म्हणजे नोंद आहेच. आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. ४ लाखांच्या वर गेलात तर रिटर्न मात्र भरायलाच हवं. नुसतं घरभाडं असेल तर ३० टक्के वजावट मिळते. नाश्ता-जेवण दिलंत तर तोच धंदा धरला जाऊ शकतो. हा फरक ग्रामपंचायतीत येऊन समजावायला आयकर खात्याला काय होतं? उद्या तिसऱ्या खोलीसाठी कर्ज मागाल, बँक रिटर्न मागेल. तिथे काय दाखवणार, पाहुण्यांचे रिव्ह्यू?