आधी धाकटं कर्ज

पगार ते पगार : साप्ताहिक स्तंभ

कर्ज फेडायला मनाचा निर्धार लागतो, असं सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं कर्ज बहुतेक वेळा फिटलेलं असतं. ज्याच्या डोक्यावर ते आहे, त्याच्याकडे निर्धाराचा तुटवडा नसतो. दर महिन्याच्या एक तारखेला तो नव्याने निर्धार करतो आणि दहा-बारा तारखेला गॅस संपतो, शाळेची व्हॅनवाली पैसे मागते, गावाहून फोन येतो. वीस तारखेला तोच माणूस स्वतःला आळशी, उधळ्या, नालायक म्हणत असतो. तो यातलं काहीच नसतो.

या स्तंभाच्या निमित्ताने माझ्याशी बोलणाऱ्या बहुतेकांचा सूर एकच असतो : कळतं सगळं, पण हुरूप येत नाही. त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे चहा सोडा, हॉटेल बंद करा, मोबाइलचा प्लॅन लहान घ्या. पस्तीस हजारांत चालणाऱ्या घरात हॉटेल आधीच बंद असतं. टपरीवरचा चहा सोडून महिन्याला तीनशे-चारशे रुपये सुटतील, पण कारखान्यातल्या दुपारच्या पाळीला चहाशिवाय उभं राहायला सांगणारा सल्लागार स्वतः कधी पाळीत उभा राहिलेला नसतो.

माझं म्हणणं असं, की हुरूप कर्ज फेडायला लागण्याच्या आधी येत नाही. एखादं खातं पुरतं बंद झालं, की त्याच्या मागोमाग येतो. म्हणून हात आखडता असलेल्या घराने सगळ्यात धाकटं कर्ज आधी संपवावं, मग ते बिनव्याजी का असेना. हिशेबात पक्के असलेले वाचक इथे भुवया उंचावतील. त्यांच्या शास्त्राप्रमाणे सगळ्यात चढं व्याज ज्याचं, ते आधी. ते बरोबर आहेत आणि तरी मी माझं सोडणार नाही.

ओळखीतलं एक घर सांगतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. नवरा भोसरीच्या एमआयडीसीत यंत्रावर, बायको घरी साड्यांना फॉल-पिको करते. पतसंस्थेची ४,२०० रुपयांची कपात होऊन त्याच्या हातात २९,००० येतात, तिचे सरासरी सहा हजार. भाडं, किराणा, दूध, मुलीची व्हॅन, वीज, पेट्रोल आणि आईवडिलांना गावी पाठवायचे दोन हजार, असे साडेसव्वीस हजार जातात. उरलेल्यातून हप्ते. किती हप्ते, हे त्या घरात कुणालाच एका दमात सांगता येत नव्हतं.

एका रविवारी मुलीच्या वहीचं मधलं पान काढून दोघांनी यादी करायला घेतली. पतसंस्थेचे १,२०,००० बाकी. तिचं गंठण ठेवून काढलेलं सोनेतारण ६०,०००. क्रेडिट कार्ड ४६,०००. मोबाइलचे पाच हप्ते, १,८५० प्रमाणे. तिच्या भावाकडून हातउसने घेतलेले १५,०००. बेरीज मारायला तिने पेन उचललं, तेव्हा तो म्हणाला, थांब, अजून एक आहे. ॲपवरून घेतलेलं कर्ज, ३,१००चे चार हप्ते बाकी. ‘अहो, हे कधी घेतलंत?’ मागच्या दिवाळीत घेतलं होतं, गावी न्यायच्या कपड्यांसाठी. त्या ॲपवाल्यांचे फोन येऊ नयेत म्हणून तो हप्ता सगळ्यात आधी भरत होता आणि महिनाअखेरीला किराणा उधार आणत होता. एकूण आकडा निघाला २,६२,६५०. रडारड झाली नाही. तिने पानाला घडी घालून ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याशी ती फक्त कामापुरतं बोलली.

आता या पानाकडे हिशेबनीसाच्या नजरेने पाहा. कार्डाला महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,६१०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २९०. झाले १,९००. हे घर भरत होतं किमान रक्कम, पाच टक्के, म्हणजे २,३००. तेवीसशे भरून मुद्दल कमी झालं चारशेने. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड किती लांबेल, याचा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने लावलेलं आहे, पण बिल ईमेलवर येतं आणि ईमेल उघडतो कोण? शिवाय मागची बाकी राहिली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते; आज आणलेल्या तेलाच्या डब्यावर आजपासून व्याज. तेव्हा सगळे हप्ते भरून शिल्लक राहणारे बाराशे रुपये कार्डावर टाकावेत, हे कागदावर निर्विवाद आहे.

पण ते बाराशे टाकून काय दिसलं असतं? ४६,०००चे ४४,४००. पुढच्या महिन्यात बेचाळीस हजार सातशेच्या आसपास. हप्ते तितकेच, फोन तितकेच, रात्रीची झोप तितकीच. तिसऱ्या महिन्यात कुणाच्या तरी लग्नाचा आहेर आला असता आणि बाराशे तिकडे गेले असते. मी असे डझनांनी संकल्प पाहिले आहेत.

यांनी कार्डावरची खरेदी थांबवली, कार्ड पतसंस्थेच्या पासबुकात घालून ठेवलं, किमान रक्कम चालू ठेवली, मोबाइल आणि ॲप ही याहून लहान कर्जं त्यांच्या ठरल्या हप्त्यांवर सोडली आणि बाराशे रुपये मेव्हण्याच्या नावाने बाजूला टाकायला लागले. का, तर राखीला ती माहेरी गेली नव्हती. भावाने पैशांचा विषय एकदाही काढला नव्हता. वहिनीने काढला नव्हता, हेच तिला जास्त टोचत होतं. व्याजाच्या रकान्यात या कर्जापुढे शून्य होतं, घरातल्या वजनात ते पहिलं होतं.

चार महिन्यांत ॲपचे हप्ते त्यांच्या गतीने संपले. इथे खरी मेख आहे. हप्ता संपला की ३,१०० रुपये सुटतात आणि बहुतेक घरांत ते मिठासारखे विरघळतात. कुणी उधळत नाही. थोडं दूध वाढतं, मुलीला बूट येतात, दोनदा रिक्षा होते. पाचव्या महिन्यात विचाराल तर ते एकतीसशे कुठे गेले हे सांगता येत नाही. या घराने एकच नियम केला : संपलेला हप्ता घराला दाखवायचाच नाही, त्याच तारखेला पुढच्या कर्जाकडे वळवायचा. पाचव्या महिन्यात मोबाइल संपला, आणखी १,८५० सुटले. बाराशे, एकतीसशे आणि साडेअठराशे मिळून ६,१५०. मेव्हण्याचे पंधरा हजार कागदावर सहाव्या महिन्यात फिटायचे होते. मधे मुलीला ताप भरला, रक्ततपासणी आणि औषधं यांत तीन हजार गेले, म्हणून सातवा उजाडला. सात महिन्यांत सहापैकी तीन खाती बंद, आणि पगार एक रुपयाने वाढलेला नाही.

मग कार्ड. आता त्याच्यावर तेवीसशे नव्हे, ८,४५० पडू लागले. त्रेचाळीस हजारांच्या आसपासच्या बाकीला त्या वेगाने सहा महिने लागतात. आधी कार्ड आणि मग मेव्हणा असा क्रम लावला असता, तर व्याजात साडेचार हजारांच्या आसपास वाचले असते, हे मी मांडून पाहिलं आहे. साडेचार हजार ही त्या घरात मुलीच्या व्हॅनच्या दोन महिन्यांहून मोठी रक्कम आहे, ती मी किरकोळ म्हणणार नाही. पण ज्या क्रमाने ते वाचले असते त्या क्रमाने हे घर चाललंच नसतं, असं मला त्यांना ओळखून वाटतं.

हे नुसतं माझं वाटणं नाही. सिंगापूरमध्ये एका धर्मादाय संस्थेने गरीब कुटुंबांची जुनी थकलेली कर्जं परस्पर फेडली, तेव्हा तिथल्या तीन संशोधकांनी १९६ जणांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. ओंग, थेसेरा आणि एनजी यांचा हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कर्ज फिटल्यावर लोकांची चिंता कमी झाली, चाचण्यांत चुका कमी झाल्या. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : तेवढ्याच रकमेची माफी मिळालेल्यांमध्ये ज्यांची जास्त खाती पूर्ण बंद झाली, त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. प्रत्येक उघडं खातं डोक्यात जागा अडवून बसतं. तारीख लक्षात ठेवा, फोन उचला किंवा टाळा, कुणाला आधी द्यायचं ते ठरवा. सहा जणांचं देणं असलेल्या माणसाला सातवं गणित सुचत नाही, त्यात त्याच्या अकलेचा दोष नाही.

या सल्ल्याला मर्यादा आहे. कार्डाची बाकी ४६ हजारांऐवजी दीड लाख असती, तर महिन्याला जीएसटी धरून सहा हजारांहून जास्त व्याजच झालं असतं आणि मेव्हण्याला थांबायला सांगणं भाग होतं. अशा वेळी आधी ती आग स्वस्त कर्जावर ढकलायची. पतसंस्थेकडून तेरा टक्क्यांनी घ्यायचं आणि कार्ड त्याच दिवशी बंद करायचं. ‘त्याच दिवशी’ हे शब्द महत्त्वाचे. कार्ड जिवंत ठेवून बाकी दुसरीकडे हलवणाऱ्यांच्या डोक्यावर वर्षभरात दोन्ही कर्जं बसलेली मी पाहिली आहेत. कार्ड बंद करा असा अर्ज दिला आणि बाकी शून्य असली, की कामाच्या सात दिवसांत बँकेने ते बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हा नियम सांगितला की ‘सर, एक ऑफर आहे’ हे संभाषण लवकर आटोपतं.

चाळीस टक्क्यांच्या वरचं कार्डाचं हे व्याज चालतं कसं, असं पुष्कळ जण विचारतात. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत. कार्डाला असा काही लगाम नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा वरून कुणी येऊन हे व्याज उतरवेल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. निदान वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, एवढं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावलेलं आहे. फोनवाल्याला तारीख-वेळ लिहून घेतोय असं सांगितलं, तरी आवाज खाली येतो.

अजून एक गोष्ट या घराने केली, जी मला फार आवडली. ॲपचं कर्ज संपल्यावर नवरा मोबाइलवरचा हिरवा टिकमार्क दाखवून मोकळा झाला होता. तिने ते मानलं नाही. बाकी काही नसल्याचा दाखला मागवा, दुकानात जाऊन छापून आणा म्हणाली. तो कागद तिने पिठाच्या डब्याखालच्या यादीला टाचून ठेवला. कर्जाच्या कागदाचं हे महत्त्व जुनं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य डोळा पैशावर नव्हता, कर्जाच्या खतपत्रांवर होता. ती मिळवून त्यांनी जाळली. चार वर्षांनी इंग्रजांना दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा करावा लागला. आजचं खत कुठल्या तरी सर्व्हरवर असतं, ते जाळता येत नाही आणि फिटलं तरी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो दाखला घ्यावाच. व्यवहाराच्या दृष्टीनेही घ्यावा : दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय ना, हे ताडून पाहता येतं. सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. आणि कुणी ‘अर्ध्यात सेटल करू’ म्हणालं, तर हे ध्यानात ठेवा की अहवालात ‘सेटल्ड’ ही नोंद वेगळी होते आणि पुढचा कर्ज देणारा ती बघून कपाळाला आठ्या घालतो. दुसरा इलाजच नसेल तेव्हाचा तो रस्ता आहे.

या घरात आता दोन कर्जं उरली आहेत. गंठण अजून बँकेत आहे. वर्षाचं सहा हजार व्याज दिवाळीच्या बोनसमधून भरून नूतनीकरण करायचं, असं चाललं होतं. यंदा कार्डाचे ८,४५० तिकडे वळले आहेत, त्यामुळे सात-आठ महिन्यांत ते सुटायला हवं. सुटलं की लगेच पुन्हा ठेवायचा मोह होतो, कारण सोन्याचा भाव वाढलेला असतो आणि तेवढ्याच गंठणावर जास्त रक्कम मिळते. तिने नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय, की या वेळी सही करायला ती येणार नाही.

पतसंस्थेचं मात्र त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. व्याज माफक, कपात पगारातूनच, हप्ता चुकायचा प्रश्न नाही. शिवाय त्या कर्जाला त्याच्या खात्यातले दोन सहकारी जामीन आहेत, रोज शेजारच्या यंत्रावर दिसतात. त्या कर्जाला वेगळा हुरूप लागत नाही. जामीन राहिलेल्यांची बाजू मात्र वेगळीच असते. दुसऱ्याच्या कर्जापायी ज्यांच्या पगारातून कपात सुरू झाली, असे तिघे-चौघे गेल्या महिन्यात भेटले. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.