मोटर नव्हे, बैठक बदला!

रेडिओवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांची हौस असणारे आपले मित्र वळणावर गाडी उलटली की अधिक ताकदीची मोटर आणतात. हे चूक आहे.

बालाघाट-जबलपूर मार्गावरची ७६२ मिलिमीटर रुळांची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली; आज तेथे १६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग आहे. रुंद बैठकीचे मोल आपल्याला ठाऊकच आहे. खेळातल्या गाडीतही डाव्या-उजव्या चाकांतील अंतर वाढवले, गुरुत्वमध्य खाली आणला, की वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी भार सरकतो. मात्र पुढच्या स्प्रिंगा फार कडक केल्या, तर पुढची पकड सुटून गाडी वळतच नाही.

म्हणून मित्रहो, एका वेळी एकच बदल करा, फेरीची वेळ वहीत टिपा. वडिलांकडे मोटरचे पैसे त्यानंतर मागा.