शेवटचे आठ खांब

उमरेड तालुक्यात विहिरीवर वीज घ्यायची म्हटली की माणूस आधी खांब मोजतो. रस्त्याकडेच्या डीपीपासून आपल्या धुऱ्यापर्यंत किती पोल लागतील, मधला शेजारी तार ओढू देईल का, त्या डीपीवर आणखी पाच हॉर्सपॉवरचा भार बसेल का, हा सगळा हिशेब वायरमन यायच्या आधीच धुऱ्यावर उभ्याउभ्या झालेला असतो. मग कोटेशन भरायचे, जोडणीची वाट पाहायची आणि ‘पेड पेंडिंग’ व्हायचे. हा शब्द इंग्रजी असला तरी विदर्भातल्या कुठल्याही गावात आता त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

ज्याला थांबणे परवडत नाही, तो खिशात हात घालतो. समजा, त्याने आठ खांब, त्यावरच्या तारा आणि वर रोहित्रही स्वखर्चाने उभे केले. दोन वर्षांनी त्याच तारेवरून पलीकडच्या दोन शेतांना जोडणी मिळाली. आता हे आठ खांब कुणाचे? कागदावर ते वितरण कंपनीचे, कारण काम झाले की यंत्रणा तिच्या ताब्यात जाते. पैसे मात्र पहिल्याचे. नंतर आलेल्या दोघांनी त्यातले काय द्यायचे, हे गावात कुणालाच ठाऊक नसते, आणि ते विचारायला गेलेला माणूस शेजाऱ्याशी वाकडेपण घेऊन परततो.

या माणसाच्या घरात एक मीटर आहे. पंपाचे बिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत सरकार भरते, घराचे बिल तो भरतो. त्या बिलात मुंबईतल्या खांबांचाही वाटा असतो. महाराष्ट्रात अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांचा खर्च ज्याचा त्याच्याकडून वसूल होत नाही. महापारेषण, अदानी, टाटा अशा सगळ्या पारेषण कंपन्यांचा मंजूर खर्च वीज नियामक आयोग एकत्र करतो आणि कमाल मागणीच्या प्रमाणात वितरण कंपन्यांवर वाटून देतो. सर्वांत मोठा वाटा अर्थातच महावितरणच्या अंगावर येतो, आणि तिथून तो आपल्या वीजदरात उतरतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई भर दिवसा बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहराबाहेरून वीज आत आणणाऱ्या वाहिन्या किती तोकड्या आहेत ते देशाने पाहिले. रेंगाळलेली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी अखेर २०२३ मध्ये सुरू झाली. कुडूस ते आरे अशी १,००० मेगावॅटची एचव्हीडीसी वाहिनी निविदेविना अदानी समूहाकडे गेली म्हणून टाटा पॉवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हरली. भांडण होते वाहिनी बांधायची कुणी, याचे. बांधणारा कुणीही असो, तिचा मंजूर खर्च शेवटी त्या एकाच राशीत पडायचा, हा नियम त्या निकालाने बदलला नाही.

यात उमरेडवर अन्याय झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. तिरोड्याहून कोराडी, अकोलामार्गे औरंगाबादकडे गेलेली ७६५ केव्हीची वाहिनीही त्याच राशीत आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी विदर्भात, औष्णिक केंद्रे विदर्भात, आणि तिथली वीज पश्चिमेकडे वाहून नेणाऱ्या या वाहिनीचा भार मुंबईकरही उचलतो. जाळे एक असेल तर खर्चही वाटूनच घ्यायला हवा. प्रश्न आहे तो हे शहाणपण डीपीपाशी येऊन थांबते त्याचा.

कायदा तिथे थांबलेला नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ सांगते की मागेल त्याला वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. अर्जापासून एका महिन्यात, आणि वाहिनी वाढवावी लागत असेल तर ती वाढवून झाल्यावर. कसूर झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडही त्यात आहे. कलम ४६ कंपनीला वाजवी खर्च वसूल करू देते. वाजवी म्हणजे किती, यावरच महाराष्ट्रात दहा वर्षे गेली.

महावितरण नव्या ग्राहकांकडून सर्व्हिस लाइन चार्जेस घेत असे. आयोगाने ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशात ते नामंजूर केले. आदेशाचा गाभा साधा होता: सर्वांच्या उपयोगाचे जाळे कंपनीने उभारावे आणि तो खर्च वीजदरातून सर्वांकडून घ्यावा; फक्त त्याच ग्राहकासाठी वेगळी उभारलेली यंत्रणा असेल तरच खर्च त्याच्याकडून घ्यावा. ग्राहकाने परवानाधारक ठेकेदाराकडून स्वतः काम करून घेतले, तर कंपनीने फक्त १.३ टक्के देखरेख शुल्क घ्यावे, असेही ठरले. महावितरण अपिलीय न्यायाधिकरणात गेली, हरली. मग सर्वोच्च न्यायालयात गेली. आधी घेतलेल्या शुल्काच्या परताव्याला २००७ मध्ये स्थगिती मिळाली आणि १० नोव्हेंबर २०१६ रोजी अपील फेटाळले गेले.

दहा वर्षांत पावत्या पिवळ्या पडल्या, काही जण वारले, काहींनी शेत विकले. निकालानंतर जे तक्रार निवारण मंचाकडे आणि नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे गेले, त्यांतल्या अनेकांपुढे दोन वर्षांची मुदत येऊन उभी राहिली: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत का आला नाहीत? कंपनीला न्यायालयात दहा वर्षे झगडता आले. ग्राहकाच्या हातात दोनच होती.

कंपन्या आपसांत भांडतात तेव्हा हिशेब कसा मीटर-मीटरचा होतो, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबई उपनगरात टाटा घरगुती ग्राहकांना वीज विकू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये ठरवले. पण दारापर्यंतच्या तारा रिलायन्सच्या होत्या. ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने तोड काढली: तार रिलायन्सची, वीज टाटाची, आणि तार वापरल्याचे वहन शुल्क रिलायन्सला. पुढे टाटाने समांतर जाळे कुठे आणि किती टाकायचे यावर वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या, पण तारेच्या मालकाला वापराचा मोबदला मिळायला हवा, ही गोष्ट कुणी नाकारली नाही. उमरेडच्या धुऱ्यावर एकाच्या पैशाने टाकलेल्या तारेवर दुसऱ्याचा पंप चालतो, तेव्हा वहन शुल्काचे नावही निघत नाही.

महावितरणची अडचण खोटी नाही. पाचशे मीटरवर एकच पंप, तोही वर्षातले काही महिने चालणार. त्याच्यासाठी उभी केलेली वाहिनी वीजदरात घातली, तर बोजा घरगुती ग्राहकावर आणि बुटीबोरी-उमरेडच्या कारखान्यांवर पडतो. म्हणून डिसेंबर २०२० च्या कृषिपंप धोरणाने अंतराच्या रेघा आखल्या: २०० मीटरपर्यंत लघुदाब, ६०० पर्यंत उच्चदाब आणि त्यापुढे सौर. शेतकऱ्याने स्वतः खर्च केल्यास तो बिलातून वळता करण्याची सोयही त्यात होती. पण बिलच सरकार भरणार, तर वळते कशातून करायचे?

२०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेने वाद दुसरीकडूनच मिटवला. खांबच नकोत. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५, बाकी अनुदान. कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून शेत असलेल्या माणसाला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता येते, ही मोठीच गोष्ट आहे. वाघाच्या वाटेवर रात्री मोटर सुरू करायला जाणे काय असते, ते त्यालाच विचारावे. मात्र ज्यांनी आधी स्वतःचे खांब रोवले, त्यांच्या हिशेबाला ही योजना हातही लावत नाही.

आयोगाच्या २००५ च्या नियमांत स्वतंत्र यंत्रणेची व्याख्या होती: स्पष्टपणे आणि केवळ एकाच ग्राहकाला, किंवा एकाच वा लगतच्या जागेतील गटाला वाहिलेली. त्या तारेवर असंबंधित दुसरे मीटर बसले की ती ‘केवळ’ राहत नाही. तेव्हा दुसऱ्याची जोडणी मंजूर करतानाच पहिल्याच्या खर्चाची नोंद उघडावी, त्याला अर्ज करायला न लावता पत्र पाठवावे, आणि दोन वर्षांची मुदत त्या पत्राच्या तारखेपासून मोजावी. पहिल्याच्या कामाला मंजुरी आणि देखरेख कंपनीचीच होती, म्हणजे त्याचे अंदाजपत्रक तिच्याच दप्तरात असणार. दुसऱ्याचे कोटेशन काढताना ते काढून शेजारी ठेवायचे आहे.